हरणे वेगळे, संपणे वेगळे

३० एप्रिल २०१७. शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकण्यासाठी फक्त एका गुणाची गरज होती. यजमान शिलाँग लाजाँगने सुरुवातीलाच गोल करून त्यांचा जीव टांगणीला लावला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, सामना १-१ असा सुटला आणि मिझोरमचा हा छोटा क्लब ३७ गुणांसह देशाचा विजेता ठरला. मोहन बागान ३६ गुणांवर राहिले. ईशान्य भारतातल्या संघाने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच गुणतक्त्याच्या तळाशी, दहाव्या आणि शेवटच्या जागी, मुंबई एफसी होती.

या दोन टोकांना जोडणारा माणूस एकच होता, तो म्हणजे खालिद जमील. सात वर्षे मुंबई एफसीचा गाडा ओढून तो आदल्याच वर्षी तिथून बाहेर पडला होता आणि ऐझॉलचा प्रशिक्षक झाला होता. पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या विजयी संघात होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१५-१६च्या मोसमात ऐझॉलही खालच्या श्रेणीत घसरण होण्याच्या जागेवर होता. पण गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे लीगमधल्या जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आले.

म्हणजे एका वर्षाच्या अंतराने दोन्ही क्लबांवर तीच वेळ आली. त्यातला एक विजेता झाला आणि दुसरा काही महिन्यांत कायमचा बंद पडला. खेळात कोणी ना कोणी शेवटचा येणारच. मग एका वाईट मोसमाने एखादा क्लब मुळासकट का उखडला जातो? महाराष्ट्रातल्या फुटबॉलचा गेल्या दीड दशकाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो आज रत्नागिरीतल्या क्रीडाप्रेमींनीही नीट वाचायला हवा, कारण आता आपल्या जिल्ह्याच्या नावानेही एक व्यावसायिक क्रिकेट संघ मैदानात उतरतो.

कूपरेजचे दिवस

मुंबईचा फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स कप १८९१ साली मुंबईत सुरू झाला. पहिली अनेक वर्षे तो गोऱ्या पलटणींचाच राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने पलटणींची ती मक्तेदारी मोडली. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक नेला आणि कूपरेजचे मैदान देशभरच्या फुटबॉलपटूंना तोंडपाठ झाले. मुंबई आणि नंतर महाराष्ट्राच्या संघाने संतोष करंडकही जिंकला.

या काळातला मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या आणि बँकांच्या आधाराने जगला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे अशा संस्थांचे संघ होते. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. सकाळी सराव, दुपारी कार्यालय, आणि पाय थकले की उरलेली वर्षे टेबलावर. ही व्यवस्था श्रीमंत नव्हती, पण तिने गिरणगाव, वांद्रे, माहीम, कुलाबा इथल्या अनेक मुलांचे संसार उभे केले. तिच्यात एक उणीव मात्र पहिल्यापासून होती. संघ कंपनीचा होता, वस्तीचा नव्हता. प्रेक्षक टाळ्या वाजवायचा, पण त्या संघाचे काय करायचे हे ठरवताना त्याला कोणी विचारत नसे.

या परंपरेतला सगळ्यांत मोठा संघ महिंद्रचा. १९६२ साली उभा राहिलेला महिंद्र अँड महिंद्रचा हा संघ पुढे महिंद्र युनायटेड झाला. त्याने २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप जिंकला आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ची राष्ट्रीय लीगही. देशाची लीग जिंकणारा मुंबईचा तो पहिला संघ. चारच वर्षांनी, २०१०च्या वसंतात, कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. महिंद्र तेव्हा तळाला गेलेला नव्हता, कर्जातही बुडालेला नव्हता. शालेय फुटबॉलकडे वळायचे असे कंपनीने ठरवले आणि ४८ वर्षांचा संघ संपला.

पिवळ्या जर्सीची दहा वर्षे

महिंद्र शिखरावर असतानाच, २००७ साली, मुंबई एफसीचा जन्म झाला. मालक एस्सेल समूह, जर्सी पिवळी, पहिला प्रशिक्षक डेव्हिड बूथ हा इंग्रज. कंपनीच्या नावाऐवजी शहराचे नाव घेऊन उतरलेला हा क्लब, म्हणून त्याचे अप्रूप होते. पुढच्याच वर्षी त्याने आय-लीगची द्वितीय श्रेणी जिंकली आणि २००८-०९च्या मोसमापासून तो वरच्या श्रेणीत खेळू लागला.

खालिद जमील आधी या क्लबचा खेळाडू होता. महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेला, भारताची जर्सी घातलेला हा मधल्या फळीतला खेळाडू दुखापतींमुळे लवकर थांबला आणि २००९ साली प्रशिक्षकाच्या जागी बसला. त्याचा संघ देखणा फुटबॉल खेळत नसे. बचाव घट्ट ठेवायचा, गोल खायचा नाही, एखादी संधी साधायची आणि गुण पदरात पाडायचा, हा त्याचा खाक्या. पैसा कमी, खेळाडू दुसऱ्यांनी सोडलेले किंवा कोवळे. अफगाणिस्तानचा कर्णधार झोहिब इस्लाम अमिरी याच्यासारखा चिवट बचावपटू हे अशा संघाचे भांडवल. गुणतक्त्यात मुंबई एफसी कधी मध्यावर, बहुधा खालच्या भागात असे. पण दरवर्षी शेवटच्या आठवड्यांत ती घसरणीच्या रेषेच्या वर राहायची.

तळाशी झगडणाऱ्या संघाचा पाठीराखा हा वेगळाच माणूस असतो. मोठ्या क्लबाच्या चाहत्याला विजय गृहीत असतो. या माणसाला बरोबरीही सणासारखी वाटते. मुंबई एफसीच्या अशा पाठीराख्यांनी स्वतःला ‘यलो ब्रिगेड’ असे नाव दिले होते. ते संख्येने थोडे होते, पण ढोल, झेंडे आणि घसा यांत कमी नव्हते. त्यांची परीक्षाही मोठी होती. कूपरेजचे नूतनीकरण सुरू असताना काही मोसम मुंबई एफसीचे ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळले गेले. मुंबईच्या माणसाने आपल्या संघाचा घरचा सामना पाहायला घाट चढून जायचा! कामाच्या दिवशी किती जण जाणार? ज्या वर्षांत क्लबाची मुळे शहरात रुजायला हवी होती, नेमक्या त्याच वर्षांत क्लब शहराबाहेर होता. कृत्रिम हिरवळीचे नवे कूपरेज मिळाले तेव्हा २०१५ साल उजाडले होते.

तोवर मुंबईत दुसरा क्लब आला होता. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीबरोबर चित्रतारे, परदेशी नावे आणि दूरचित्रवाणीचा झोत आला. आय-लीगच्या क्लबांचे अनेक चांगले खेळाडू शरद ऋतूत सुपर लीगमध्ये खेळायचे आणि जानेवारीत, आय-लीगच्या तोंडावर, परत यायचे. संघ म्हणून सराव करायला प्रशिक्षकाच्या हाती जेमतेम काही आठवडे उरत. २०१६च्या मे महिन्यात फुटबॉल महासंघाने जो आराखडा मांडला त्यात सुपर लीग सर्वोच्च, आय-लीग तिच्याखाली आणि सुपर लीगमध्ये घसरण नाही, अशी कल्पना होती. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली ती यातूनच. ज्या शिडीला वरची पायरीच नाही, तिच्यावर पैसा कोण आणि किती दिवस लावणार?

अखेरचा मोसम

अशा हवेत २०१६-१७चा मोसम उजाडला. खालिद जमीलची जागा संतोष कश्यप यांनी घेतली. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. सुरुवात विजयाने झाली आणि कूपरेजच्या पायऱ्यांवर आशा पालवली. त्यानंतर मात्र विजय हाती लागेनासा झाला. आठवडे सरत गेले, बरोबरी आणि पराभवांची रांग लागली. मार्चमध्ये कश्यप गेले आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. याच ब्रुझोन यांनी पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जला एकापाठोपाठ एक विजेतेपदे मिळवून दिली, त्यामुळे माणूस कच्चा होता असे म्हणता येत नाही. पण उरलेल्या थोड्या सामन्यांत कोणालाही हा संघ सावरता आला नसता. मुंबई एफसी शेवटच्या स्थानावर राहिली आणि पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत ढकलली गेली.

या अपयशाची झाडाझडती घ्यायची तर कारणे उघड आहेत. सात वर्षांत घडवलेली बचावाची शिस्त प्रशिक्षकाबरोबर गेली. जुने, भरवशाचे खेळाडू गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना एकमेकांची सवय व्हायच्या आत मोसम अर्धा सरला. गोल करणारा हुकमी आघाडीवीर नव्हता. कोणत्याही देशातल्या कोणत्याही खालच्या लीगमधल्या पाठीराख्याला विचारा, मोसमाअखेरीस तो हीच यादी सांगेल. आणि यादी संपल्यावर पुढच्या वर्षीच्या संघाबद्दल बोलू लागेल.

मुंबई एफसीच्या पाठीराख्यांना ते पुढचे वर्ष मिळाले नाही. द्वितीय श्रेणीत खेळून परत वर येण्याचा मार्ग नियमाने मोकळा होता. २००८ साली हाच क्लब त्या मार्गाने वर आला होता. पण मालकांनी क्लब बंद केला. दहा वर्षांचा संसार आवरला गेला आणि ज्यांनी त्या पिवळ्या जर्सीसाठी घसा फोडला होता, त्यांच्याकडे ते थांबवण्याचे कोणतेही साधन नव्हते.

दहा वर्षांत आठ संघ

ही एकट्या मुंबई एफसीची कथा असती तर दुर्दैव म्हणून सोडून देता आली असती. तशी ती नाही. २०१० साली महिंद्र गेले. २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन संस्थात्मक संघ क्लब-परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे आय-लीगमधून वगळले गेले. पुण्यात अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली सुरू झाला होता. २०१२-१३ साली त्याने आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले, चांगली प्रबोधिनी उभी केली, आणि २०१५ साली तोही थांबला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी एकुलता एक मोसम खेळला आणि बंद झाला. गुणतक्त्यात तो शेवटचा होता, पण नवा प्रवेश म्हणून त्याला घसरणीपासून अभय होते. त्यामुळे त्याच्या वर असलेला गोव्याचा धेंपो खाली गेला आणि ज्याच्यासाठी धेंपोचा बळी गेला, तो संघ पुढच्या वर्षी मैदानातच नव्हता. २०१७ साली मुंबई एफसीबरोबर पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही गेला. २०१९ साली सुपर लीगमधला एफसी पुणे सिटीही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली.

एका दशकात आठ संघ गेले. यांतले काही संघ चांगले खेळत होते, काही वाईट. काहींकडे पैसा होता, काहींकडे नव्हता. पण बहुतेकांचा शेवट मैदानाबाहेर, मालकाच्या किंवा महासंघाच्या कार्यालयात ठरला. आणि काळ कोणता? याच २०१७च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणत एका दिवशी लाखो शाळकरी मुलांना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघातून खेळला. मुलांच्या पायात चेंडू दिला गेला, पण ती मोठी झाल्यावर ज्या क्लबांत जाणार, ते क्लब त्याच वर्षी मिटत होते.

स्कॉटलंडचा धडा

फुटबॉल भारतात रुजवणाऱ्या पलटणींत स्कॉटिश पलटणी आघाडीवर होत्या. १८८८ साली शिमल्यात झालेल्या पहिल्या ड्युरँड स्पर्धेचा अंतिम सामना रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन स्कॉटिश पलटणींतच झाला. त्या छोट्या देशात चौथ्या-पाचव्या श्रेणीतले क्लब कसे जगतात, हे पाहण्यासारखे आहे.

फॉलकर्कच्या परिसरातला ईस्ट स्टर्लिंगशायर हा क्लब २००३ ते २००७ असा सलग पाच मोसम देशाच्या सर्वांत खालच्या व्यावसायिक श्रेणीत शेवटचा आला. २००३-०४च्या अख्ख्या मोसमात त्याला आठ गुण मिळाले. क्लब तरीही बंद पडला नाही. पाठीराखे आले, चिडले, पुन्हा आले. २०१६ साली एडिनबरा सिटीकडून हरून तो व्यावसायिक लीगबाहेर फेकला गेला, तरीही त्याखालच्या लीगमध्ये खेळत राहिला.

तिथे क्लब मरतच नाहीत असे नाही. स्कॉटिश लीगच्या संस्थापकांपैकी एक असलेला ग्लासगोचा थर्ड लानार्क १९६०-६१च्या मोसमात शंभर गोल करून तिसरा आला आणि व्यवस्थापनाच्या गैरकारभाराने १९६७ साली संपला. ग्रेटना हे तीनेक हजार वस्तीचे गाव ब्रुक्स माइलसन या एका धनिकाच्या पैशावर २००६ साली स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत पोहोचले. माइलसन आजारी पडले, पैसा थांबला आणि २००८ साली क्लब कोसळला. एका माणसाच्या खिशावर उभा राहिलेला क्लब किती दिवसांचा, हे ग्रेटनाने दाखवले. मात्र त्यानंतर गावच्या पाठीराख्यांनी ‘ग्रेटना २००८’ नावाचा क्लब पुन्हा सुरू केला, सगळ्यांत खालच्या पायरीपासून.

या अनुभवांतून तिथल्या पाठीराख्यांनी मालकी स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. २०१० साली स्टर्लिंग अल्बियन हा क्लब पाठीराख्यांच्या न्यासाने विकत घेतला. २०१३ साली दिवाळखोरीच्या कडेवर असलेल्या हार्ट्स या एडिनबराच्या मोठ्या क्लबासाठी हजारो लोकांनी दरमहा वर्गणी देणे सुरू केले आणि २०२१ साली तो क्लब त्यांच्या मालकीचा झाला.

कोल्हापूर का टिकले?

यासाठी स्कॉटलंडलाच जायला हवे असेही नाही. आंबा घाट चढून पलीकडे गेले की कोल्हापूर लागते. तिथल्या तालमी मुळात कुस्तीच्या. त्याच तालमींनी फुटबॉलही आपला केला. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आणि शाहू स्टेडियम यांच्याभोवती पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा संघांची चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. तिथेही संघ हरतात, खालच्या गटात जातात. तिथेही हुल्लडबाजी झाली, सामने थांबवावे लागले. पण संघ बंद करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, कारण संघ पेठेचा आहे आणि पेठ कुठे जाणार? मुंबई-पुण्यात कोट्यवधींचे क्लब उभे राहिले आणि गेले. कोल्हापुरात वर्गणीवर, पेठेच्या अभिमानावर आणि एका स्टेडियमवर चाललेली स्पर्धा टिकली.

ऐझॉलच्या यशामागेही हेच होते. क्लबाला मालक होता, पण त्याच्या पायाखाली मिझोरमचा जिवंत फुटबॉल होता. २०१२ साली तिथे स्थानिक केबल वाहिनीच्या मदतीने मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली. २०१४ साली मिझोरमने संतोष करंडक जिंकला. म्हणूनच घसरणीतून परत मिळालेल्या संधीचे सोने करता आले. मुंबई एफसीखाली अशी जमीन नव्हती.

रत्नागिरीसाठी

महाराष्ट्र प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत रत्नागिरी जेट्स हा संघ अझीम काझीच्या नेतृत्वाखाली २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा विजेता ठरला. रत्नागिरीचे नाव राज्यभर झळकले, याचा आनंद खराच आहे. पण हा संघ एका कंपनीच्या मालकीचा आहे आणि त्या दोन्ही वर्षी सामने झाले पुण्याजवळच्या गहुंज्याला. संघ जिंकत असताना तो टिकेल का, हा प्रश्न कोणाला पडत नाही. उद्या दोन मोसम वाईट गेले तर काय, हे आजच विचारायला हवे. महिंद्र युनायटेड तर विजेतेपदानंतर चारच वर्षांत संपले होते.

संघ आपला कसा करायचा, हे कोकणी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून आपल्या चाकरमान्यांनी ग्रामस्थ मंडळे काढली, महिन्याची वर्गणी भरली आणि त्यातून गावाकडे शाळा, देवळे, पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या. हार्ट्सच्या पाठीराख्यांनी २०१३ साली केले ते आपल्या आजोबांनी गिरणगावात केव्हाच केले होते. फक्त खेळासाठी ही रीत आपण पुरेशी वापरली नाही.

म्हणून आग्रहाची विनंती आहे. मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमपासून खेड-दापोलीच्या शाळांच्या मैदानांपर्यंत, जिथे एखादा संघ दरवर्षी उभा राहतो, त्याला नोंदणीकृत संस्थेचे रूप द्या. सभासद करा, लहानशी वर्गणी ठेवा, हिशेब खुले ठेवा आणि दरवर्षी ठरलेल्या तारखांना चालणारी तालुक्याची लीग उभी करा. एका दिवसाच्या लाखाच्या बक्षिसाच्या स्पर्धेपेक्षा तीन महिने चालणारी साधी लीग खेळाडूला जास्त घडवते आणि प्रेक्षकाला जास्त बांधून ठेवते. मग संघ जिंको वा शेवटचा येवो, पुढच्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरेल. खालिद जमील २०२५ साली भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. ज्या क्लबाने त्याला प्रशिक्षक म्हणून घडवले, तो मात्र हा मान पाहायला उरला नाही. आपल्या जिल्ह्यात असे घडू द्यायचे नसेल, तर क्लबाच्या सभासदांची नोंदवही कंपनीच्या नव्हे, आपल्या कपाटात असली पाहिजे.